इंग्रजी शब्दसंपत्ती : किती, कोणती आणि कशी मिळवावी

इंग्रजी भाषेत एकूण शब्द किती, याचे एकच नेमके उत्तर कोणताही कोश देऊ शकत नाही. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची १९८९ सालची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे आणि तिच्यात सुमारे २,९०,००० नोंदी आहेत. पण त्यांत कधीच वापरातून गेलेले, एखाद्याच शास्त्रापुरते उरलेले आणि क्वचित कुठेतरी छापले गेलेले शब्दही येतात. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे अशा उच्चशिक्षित प्रौढांना साधारण वीस हजार शब्दकुटुंबे ओळखता येतात, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे : ‘डेव्हलप’, ‘डेव्हलप्ड’, ‘डेव्हलपर’, ‘डेव्हलपमेंट’ हे सारे मिळून एक कुटुंब धरले जाते.

शाळा-कॉलेजात किंवा नोकरीत इंग्रजी वापरणाऱ्याला एवढ्या शब्दांची गरज नसते. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली हिशेब मांडला, त्यानुसार वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोणाच्या मदतीशिवाय वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबे पुरतात आणि बोलणे समजण्यासाठी सहा ते सात हजार. हा हिशेब मजकुरातले ९८ टक्के शब्द ओळखीचे असावेत या कसोटीवर केलेला आहे. तीनशे शब्दांच्या पानावर ८० टक्के शब्द कळत असतील, तर साठ ठिकाणी अडखळावे लागते आणि अर्थाचा धागा तुटतो. ९८ टक्के कळत असतील, तर अनोळखी शब्द सहाच उरतात आणि त्यांतल्या काहींचा अर्थ आजूबाजूच्या वाक्यांवरून लागतो.

आधी कोणते शब्द

कोणत्याही भाषेत सगळे शब्द सारख्या प्रमाणात वापरले जात नाहीत. थोडे शब्द सतत येतात आणि उरलेले असंख्य शब्द क्वचित भेटतात. इंग्रजीतली सर्वाधिक वापराची पहिली हजार शब्दकुटुंबे सामान्य मजकुराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक भाग व्यापतात. पुढच्या हजारांनी त्यात थोडी भर पडते, त्यापुढच्या हजारांनी आणखी कमी. म्हणून शब्द शिकण्याच्या क्रमाला फार महत्त्व आहे. पहिल्या दोन हजारांवर घेतलेल्या मेहनतीचे फळ प्रत्येक पानावर दिसते. नवव्या हजारातला शब्द मात्र पाठ केल्यानंतर कित्येक महिने पुन्हा समोर येत नाही.

वारंवारतेनुसार शब्दांच्या याद्या करण्याचे काम शंभर वर्षांपासून चालू आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२१ मध्ये शिक्षकांसाठी दहा हजार शब्दांची यादी प्रसिद्ध केली. त्यानंतरचे मोठे नाव मायकेल वेस्ट यांचे. वेस्ट हे भारतीय शिक्षण सेवेतले अधिकारी. त्यांनी अनेक वर्षे ढाक्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम केले. बंगालमधल्या मुलांच्या इंग्रजी पुस्तकांत नवे शब्द एकदम आणि दाटीवाटीने येतात, त्यामुळे मुलांना वाचनाची गोडी लागतच नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी दुर्मीळ शब्दांऐवजी रोजच्या वापरातले शब्द घालून आणि नवे शब्द अंतराअंतराने पेरून वाचनमाला तयार केल्या. १९५३ मध्ये निघालेली त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची ‘जनरल सर्व्हिस लिस्ट’ पुढे जगभरच्या पाठ्यपुस्तकांचा पाया ठरली. कोणत्या शब्दाचा कोणता अर्थ किती वेळा वापरला जातो, हेही त्या यादीत दिलेले आहे.

उच्च शिक्षणासाठी वेगळी यादी उपयोगी पडते. न्यूझीलंडच्याच अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विविध विद्याशाखांतील ३५ लाख शब्दांचा मजकूर तपासून २००० साली ५७० शब्दकुटुंबांची ‘अकॅडेमिक वर्ड लिस्ट’ मांडली. ‘अ‍ॅनलाइझ’, ‘कॉन्सेप्ट’, ‘मेथड’, ‘पॉलिसी’, ‘सिग्निफिकंट’ हे त्यातले काही शब्द. कायदा असो, अर्थशास्त्र असो किंवा जीवशास्त्र, विद्यापीठीय मजकुराचा सुमारे दहा टक्के भाग या ५७० कुटुंबांनी व्यापलेला असतो. कथा-कादंबऱ्यांत त्यांचे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपासच भरते. मराठी माध्यमातून बारावी होऊन इंग्रजीतून पदवीचा अभ्यास करू लागलेल्या विद्यार्थ्याची अडचण बहुधा विषयाच्या परिभाषेपेक्षा याच शब्दांपाशी असते. परिभाषा वर्गात समजावून सांगितली जाते, हे शब्द मात्र विद्यार्थ्याला येतातच असे गृहीत धरले जाते.

बँका आणि सरकारी भरतीच्या स्पर्धा परीक्षांत समानार्थी-विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न असतात. त्यासाठी दुर्मीळ शब्दांच्या लांबलचक याद्या पाठ केल्या जातात. परीक्षेपुरते ते ठीक आहे. पण पहिले तीन-चार हजार शब्द पक्के नसताना केलेले हे पाठांतर परीक्षेनंतर टिकत नाही, कारण ते शब्द रोजच्या वाचनात भेटतच नाहीत.

शब्द येणे म्हणजे काय

एखादा शब्द येतो की येत नाही, याचे उत्तर हो किंवा नाही एवढ्यात संपत नाही. कानावर पडल्यावर तो ओळखता येणे, त्याचे स्पेलिंग आणि उच्चार ठाऊक असणे, त्याचे वेगवेगळे अर्थ माहीत असणे, तो कोणत्या रचनेत आणि कोणत्या प्रसंगी वापरायचा हे कळणे, अशा अनेक पायऱ्या आहेत. वाचताना समजणारे शब्द नेहमीच जास्त असतात आणि बोलताना-लिहिताना ऐनवेळी सुचणारे कमी. मातृभाषेतही हे असेच असते. त्यामुळे ओळखीच्या पण तोंडी न येणाऱ्या शब्दांना वापरात आणणे हीसुद्धा शब्दसंपत्तीतली वाढच होय.

सोप्या शब्दांची खोली विशेष फसवी असते. ‘रन’ म्हणजे धावणे हे पहिलीतल्या मुलालाही येते. पण इंग्रजीत माणूस दुकान ‘रन’ करतो, यंत्र ‘रन’ होते, सर्दीने नाक ‘रन’ होते, आणि साखर संपली की ती ‘रन आउट’ होते. मराठीतल्या ‘लागणे’ या क्रियापदाची हीच गत आहे : भूक लागते, ठेच लागते, वेळ लागतो, आग लागते, निकाल लागतो. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाने ‘लागणे’ या एका शब्दावर महिनाभर घालवला तर तो वेळ सत्कारणी लागेल. इंग्रजीत ‘गेट’, ‘टेक’, ‘पुट’, ‘सेट’ या क्रियापदांचे महत्त्व तसेच आहे. त्यांना ‘अप’, ‘ऑफ’, ‘आउट’ यांसारखे छोटे शब्द जोडून होणारी क्रियापदे संभाषणात पदोपदी येतात. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, तर ‘पुट अप विथ’ म्हणजे निमूट सहन करणे. सुट्या शब्दांच्या अर्थांवरून यातला एकही अर्थ निघत नाही.

शब्दांची सोबत

कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो, हे प्रत्येक भाषेने आपापले ठरवलेले असते. मराठीत पाऊस मुसळधार असतो आणि चहा कडक. इंग्रजीत पाऊस ‘हेवी’ असतो आणि चहा ‘स्ट्राँग’. ‘पॉवरफुल टी’ व्याकरणात बसते, पण कोणी तसे म्हणत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या शेजाऱ्यांवरून कळतो, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी मांडला. फर्थ उमेदीच्या काळात लाहोरला पंजाब विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांच्या विचाराला संगणकाची जोड मिळाली ती बर्मिंगहॅम विद्यापीठात. तिथे जॉन सिंक्लेअर यांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा तपासण्यात आला आणि त्यावर आधारलेला ‘कोबिल्ड’ कोश १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला.

मराठी भाषकांच्या इंग्रजीतल्या अनेक चुका इथेच होतात. मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतो. इंग्लंड-अमेरिकेत मात्र विद्यार्थीच परीक्षा ‘टेक’ करतो, आणि ती ‘गिव्ह’ करणारा शिक्षक असतो. ‘गिव्ह अ‍ॅन एक्झाम’ हा प्रयोग भारतात रुळला आहे, पण परदेशी श्रोता त्याचा उलट अर्थ घेतो. त्यामुळे वहीत सुटा शब्द टिपण्यापेक्षा त्याची जोडी टिपावी : ‘डिसिजन’ एवढेच न लिहिता ‘मेक अ डिसिजन’, ‘अटेन्शन’ऐवजी ‘पे अटेन्शन’.

मराठीत मुरलेले इंग्रजी

मराठी माणूस इंग्रजी शिकायला बसतो तेव्हा त्याची पाटी कोरी नसते. टेबल, स्टेशन, तिकीट, हॉस्पिटल, डॉक्टर, बॅटरी, फॉर्म, सही करायचे पेन असे शेकडो इंग्रजी शब्द त्याच्या बोलण्यात लहानपणापासून असतात. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी ते पाचवीपासून असे. त्या मुलांनाही हा आयता साठा उपयोगी पडतो.

या साठ्यात दोन खाचखळगे आहेत. पहिला अर्थाचा. मराठीत ‘हॉटेल’ म्हणजे मिसळ-चहा मिळण्याचे ठिकाण. इंग्रजीत ते मुक्कामाचे ठिकाण. मराठीत हिरमुसलेला माणूस ‘नर्व्हस’ होतो. इंग्रजीत त्या शब्दात काळजी आणि धाकधूक असते. स्टीलचा ‘ग्लास’ मराठी घरात रोजचा. इंग्रजीत ‘ग्लास’ काचेचाच. ‘डेंजर रस्ता’ हे मराठीत खपते, इंग्रजीत तिथे ‘डेंजरस’ हवे. दुसरा खळगा उच्चाराचा. मराठीत शब्दातल्या सर्व अक्षरांवर जवळपास सारखा भार पडतो, इंग्रजीत एका अक्षरावर जोर येतो आणि बाकीची दबतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, ‘फोटोग्राफर’मध्ये तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो आणि शब्दाचा नादच बदलतो. देवनागरीत लिहून घेतलेल्या उच्चारात हा फरक दिसत नाही. कोशांच्या संकेतस्थळांवर आता उच्चार ऐकण्याची सोय आहे. नवा शब्द आधी कानाने घेतलेला बरा.

शब्दांची घडण

मराठी व्याकरणात उपसर्गांचा धडा शिकवताना ‘हार’ या शब्दाचे उदाहरण हमखास येते : प्रहार, आहार, संहार, विहार. इंग्रजीत लॅटिन आणि ग्रीक धातूंवरून शब्द याच रीतीने घडतात. ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे, त्यावरून ‘इम्पोर्ट’, ‘एक्स्पोर्ट’, ‘ट्रान्सपोर्ट’, ‘पोर्टेबल’. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, त्यावरून ‘इन्स्पेक्ट’, ‘स्पेक्टेटर’, ‘रेट्रोस्पेक्ट’. अमेरिकन शालेय पुस्तकांतल्या इंग्रजीची १९८९ मध्ये पाहणी झाली, तेव्हा ‘अन्’, ‘री’, ‘इन्’ आणि ‘डिस्’ या चारच उपसर्गांनी उपसर्गयुक्त शब्दांपैकी ५८ टक्के शब्द व्यापलेले आढळले. वीस उपसर्गांत जवळजवळ सगळेच शब्द आले. नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हे १९४९ चे पुस्तक धातूंवरून शब्द शिकवण्याच्या याच पद्धतीवर उभे आहे, आणि ते भारतात आजही रस्त्याकडेच्या पुस्तकविक्रेत्यांकडे दिसते.

ही किल्ली प्रत्येक कुलपाला लागत नाही. ‘इन्’ म्हणजे नकार असे धरून ‘इन्व्हॅल्युएबल’चा अर्थ ‘कवडीमोल’ केला तर घात होतो; तो शब्द ‘अमूल्य’ या अर्थाचा आहे. ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेला टँकर पेट घेणारच नाही असे समजणे तर जिवावर बेतू शकते, कारण त्याचा अर्थ ज्वालाग्राही असाच आहे. घडणीवरून तर्क करावा आणि कोशात ताडून पाहावा, हे उत्तम.

इंग्रजीतले समानार्थी शब्द इतके का, याचे उत्तर तिच्या इतिहासात आहे. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यावर जुन्या इंग्रजी शब्दांवर फ्रेंच शब्दांचा थर चढला आणि पुढे विद्वानांनी लॅटिन शब्दांची भर घातली. ‘आस्क’ जुना इंग्रजी, ‘क्वेश्चन’ फ्रेंचमार्गे आलेला, ‘इंटरॉगेट’ लॅटिन. अर्थ जवळचे असले तरी त्यांचा डौल वेगळा : मित्राला ‘आस्क’ करतात, पोलीस आरोपीला ‘इंटरॉगेट’ करतात. मराठी वाचकाला हे नवे नाही. पाण्याच्या करावर ‘पाणीपट्टी’ असेच लिहिले जाते, ‘जलपट्टी’ नव्हे. आणि वीज मात्र ‘जलविद्युत’ असते. इंग्रजी समानार्थी शब्द शिकताना कोणता शब्द घरगुती, कोणता कचेरीतला आणि कोणता ग्रंथातला, ही नोंद अर्थाइतकीच महत्त्वाची आहे.

शब्द लक्षात कसे राहतात

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेल्या गोष्टी पहिल्या काही तासांत झपाट्याने विसरल्या जातात, नंतर विस्मरणाचा वेग मंदावतो. प्रत्येक उजळणीबरोबर आठवण अधिक काळ टिकते. त्यामुळे एका बैठकीत शब्द वीस वेळा घोकण्यापेक्षा तोच शब्द आज, उद्या, चार दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि महिन्याने पाहणे कमी वेळात जास्त फळ देते.

जर्मन पत्रकार झेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये यासाठी साधी युक्ती सांगितली. कागदी पत्त्याच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ लिहायचा आणि पाच कप्प्यांची पेटी करायची. अर्थ बरोबर आठवला की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, चुकला की पुन्हा पहिल्या कप्प्यात येतो. पहिला कप्पा रोज तपासायचा, पुढचे वाढत्या अंतराने. १९८७ पासून ‘सुपरमेमो’ने आणि २००६ पासून ‘अँकी’ने हीच रीत संगणकावर आणि पुढे मोबाइलवर आणली.

उजळणी करताना पान उघडून वाचत बसण्यापेक्षा उत्तर झाकून आठवण्याचा प्रयत्न करावा. जेफ्री कार्पिक आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात याविषयीचा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसह शिकवण्यात आले. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांची त्याच शब्दांवर पुन्हा पुन्हा चाचणी झाली, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आठवले. चाचणी थांबवलेल्यांना सुमारे ३५ टक्केच. नुसत्या जादा वाचनाने फारसा फरक पडला नाही.

एकमेकांच्या जवळचे शब्द एकाच दिवशी शिकू नयेत, हेही प्रयोगांतून पुढे आले आहे. सगळे रंग, सगळी फळे किंवा विरुद्धार्थी जोड्या एकदम घेतल्या की त्यांची सरमिसळ होते. ‘अडॉप्ट’ आणि ‘अडॅप्ट’ यांसारखे दिसायला सारखे शब्दही आधी एक पक्का झाल्यावर दुसरा घ्यावा. लक्षात न राहणाऱ्या शब्दासाठी ध्वनिसाम्याची युक्ती आहे. रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि त्यांचे सहकारी मायकेल रॉ यांनी १९७५ मध्ये रशियन शब्दांवर तिचा प्रयोग केला. मराठीत ती अशी वापरता येते : ‘पेल’ म्हणजे फिकट, भिंतीवरची फिकट रंगाची ‘पाल’ डोळ्यांपुढे आणली की शब्द आणि अर्थ एकत्र राहतात. ही युक्ती सुरुवातीच्या ओळखीपुरतीच. शब्द पक्का होतो तो वाचनात पुन्हा पुन्हा भेटल्यावर.

वाचन आणि कोश

यादीतून शिकलेला शब्द वाचनात निरनिराळ्या वाक्यांत दिसू लागला की त्याची सोबत, छटा आणि प्रसंग कळत जातात. शब्द पक्का होण्यासाठी अशा आठ-दहा किंवा अधिक भेटी लागतात. त्यासाठी पुस्तक आपल्या पातळीचे हवे. दर ओळीला कोश उघडावा लागत असेल, तर ते पुस्तक वर्षभराने हाती घ्यावे. मर्यादित शब्दांत लिहिलेली पायरीवार पुस्तके यासाठीच असतात. फिजी बेटांवरच्या ग्रामीण प्राथमिक शाळांत १९८० च्या सुमारास वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी वर्गावर्गांत गोष्टींची अडीचशे पुस्तके ठेवली. ही पुस्तके वाचणाऱ्या मुलांची इंग्रजीतली प्रगती नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट वेगाने झाली.

कोश निवडतानाही पातळी पाहावी लागते. मराठीला द्वैभाषिक कोशांची जुनी परंपरा आहे : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ चा. सुरुवातीला मराठी अर्थ देणारा कोशच सोयीचा, कारण अर्थ चटकन कळतो. दोन हजार शब्द हाताशी आले की विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. असा कोश वेस्ट यांनी १९३५ मध्ये केला. त्यातले सर्व अर्थ केवळ १,४९० शब्दांत समजावले होते. ए. एस. हॉर्नबी यांचा कोश जपानमध्ये शिकवताना तयार झाला आणि १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला. तोच पुढे ‘ऑक्सफर्ड अ‍ॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर गेला. १९७८ च्या लाँगमन कोशाने अर्थ सांगण्यासाठी सुमारे दोन हजार शब्दांची मर्यादा घालून घेतली. या कोशांत वाक्ये, शब्दांच्या जोड्या आणि शब्द किती वापरातला आहे याच्या खुणाही असतात. एखाद्या शब्दावर वेळ घालवावा की नाही, हे त्या खुणांवरून ठरवता येते.

रोजचा क्रम

रोज पाच नवे शब्द पक्के केले, तर वर्षाला सुमारे १,८०० होतात. पहिल्या दोन-तीन हजारांपर्यंत वारंवारतेच्या यादीवर भर द्यावा. त्यानंतर आपल्या क्षेत्रानुसार अकॅडेमिक यादी किंवा व्यवसायाचे शब्द घ्यावेत. चार-पाच हजारांपुढे मुख्य भिस्त वाचनावर ठेवावी. पाऊण तास मिळत असेल तर दहा मिनिटे जुन्या पत्त्यांची उजळणी, दहा मिनिटे नवे शब्द आणि त्यांच्या जोड्या, आणि उरलेली पंचवीस मिनिटे वाचन किंवा ऐकणे अशी वाटणी करता येते. आठवड्यातून एकदा त्या आठवड्याचे शब्द घालून दहा-बारा ओळी लिहाव्यात आणि त्या मोठ्याने वाचाव्यात, म्हणजे ओळखीतले शब्द वापरात येतात.

प्रगती मोजण्यासाठी पॉल नेशन यांनी हजार-हजारांच्या टप्प्यांवर आधारलेल्या चाचण्या तयार केल्या आहेत आणि त्या विनामूल्य मिळतात. सहा महिन्यांतून एकदा अशी चाचणी दिली की कोणत्या हजारात भोके आहेत हे कळते. वरच्या टप्प्यातले काही शब्द येत असूनही खालच्या टप्प्यात उणीव दिसली, तर आधी ती भरून काढावी आणि मगच पुढचा टप्पा घ्यावा.